घरच्यासारखी

दिल्लीत माणसं फसवून आणून राबवली जातात ती नेमकी किती, हा प्रश्न कुणाला पडला की तो डॉ. सुधन्वा बापटकडे यायचा. मंत्रालयातून फोन यायचे, परदेशी फाउंडेशनची माणसं यायची, टीव्हीवाले संध्याकाळच्या चर्चेआधी घाईघाईने विचारायचे, ‘सर, बस एक फिगर दे दीजिए.’ सुधन्वा आकडा द्यायचा आणि आकड्याच्या आधी ‘किमान’ हा शब्द लावायचा. त्या एका शब्दावर त्याने मोठं नाव कमावलं होतं.

माणूस मूळचा पुण्याचा. पीएचडीला दिल्लीत आला तेव्हा मुनिरक्यात एका खोलीत राहिला. आता त्याच मुनिरक्याजवळ त्याची संशोधन संस्था होती आणि राहायला गुरुग्राममध्ये एकविसाव्या मजल्यावर फ्लॅट होता. मुलगा आशय शिकायला परदेशी गेल्यापासून घरात तो आणि त्याची बायको हेमलता असे दोघंच असायचे. म्हणजे दोघंच असायचे असं तो सांगायचा.

त्याचं माशांचं भाषण प्रसिद्ध होतं. तळं न उपसता तळ्यातले मासे कसे मोजाल? थोडे मासे पकडा, खूण करा, परत सोडा. पुन्हा जाळं टाका. खूण केलेले मासे बरेच सापडले तर तळं लहान, क्वचितच सापडले तर तळं मोठं. मग तो आवाज खाली आणायचा. पोलिसांची यादी हे एक जाळं, संस्थांची यादी हे दुसरं. दोन्हींत सापडणारी नावं म्हणजे खुणेचे मासे. सभागृह शांत व्हायचं आणि नंतर टाळ्या पडायच्या.

त्याच्या पहिल्या गाजलेल्या अभ्यासात एक गोची झाली होती. पोलिसांच्या यादीत ‘सुनीता’ होती, संस्थेच्या यादीत तीच मुलगी ‘सुनीताकुमारी’ होती, आणि संगणकाने दोघींना वेगळं धरलं. अशा पुष्कळ सुनीता एकमेकींना भेटल्याच नाहीत. खुणेचे मासे कमी निघाले आणि तळं फुगत फुगत समुद्राएवढं झालं. संस्थेत नव्याने आलेल्या चेतना मेश्रामने हे शोधून काढलं आणि भीत भीत त्याला दाखवलं.

सुधन्वाने चष्मा काढून पुसला. ‘आकडा थोडा चुकला असेल चेतना. पण जागृती तर झाली ना?’

चेतनाने कागद आवरले. ती चंद्रपूरकडची. वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते, त्यामुळे लहानाची मोठी ती दिल्लीतच, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाली होती. संख्याशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेलं. सुधन्वाने तिला बढती देऊन फील्डचं सगळं काम तिच्यावर सोपवलं. चुका शोधणारं माणूस ऑफिसात बसलेलं बरं नसतं, उन्हात हिंडलेलं बरं, असं त्याला वाटलं असेल. स्वतःशी मात्र तो म्हणाला की मी टॅलेंटला वाव देतोय.

यंदाचं काम मोठं होतं. एका फाउंडेशनला दिल्ली आणि आसपासच्या शहरांतल्या घरकामगारांचा आणि कारखान्यांतल्या मजुरांचा आकडा हवा होता. गावाकडून एजन्सीमार्फत आणलेले, मनात आलं तरी काम सोडून जाता न येणारे असे किती? या वेळी याद्यांवर विसंबायचं नाही, थेट घरोघरी जायचं, असं ठरलं. कुठली घरं, ते संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडणार होता. सुधन्वाने स्वतः सात कसोट्या लिहिल्या. पगार स्वतःच्या हातात मिळतो का, फोन कुणाकडे असतो, ओळखपत्र कुणाच्या ताब्यात असतं, अशा. सातांपैकी तीन लागू पडल्या की ते माणूस ‘सक्तीच्या स्थितीत’ धरायचं. सोबत त्याने एक प्रोटोकॉलही लिहिला. मालकाच्या कानावर जाणार नाही अशा जागी कामगाराशी एकट्याने बोलायचं, बोललेलं कुणालाही सांगायचं नाही, आणि ज्याला मदत हवी असेल त्याला ठरलेल्या संस्थेशी जोडून द्यायचं.

सर्वेक्षकांच्या प्रशिक्षणात तो टेबलावर बोट आपटून म्हणाला, ‘निवडलेलं घर बदलायचं नाही. ते तुमच्या सासऱ्याचं असलं तरी नाही. आणि दुसरी गोष्ट. ज्याच्या मिठावर माणूस जगतो त्याच्यासमोर तो जे “हो” म्हणतो, ते “हो” आपण मोजत नाही.’

पोरांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं.

पंधरवड्याने चेतना त्याच्या केबिनमध्ये आली. ‘सर, गुरुग्रामची घरं निवडून झाली. त्यात तुमचं आलंय.’

‘माझं काय?’

‘घर. बी टॉवर, एकविसावा मजला.’

सुधन्वा मोठ्यांदा हसला आणि ही गंमत त्याने दिवसभर सगळ्या ऑफिसला सांगितली. चेतनाने विचारलं की संशोधकाचंच घर म्हणून ते वगळण्याची तरतूद करायची का. त्याने हात झटकला. ‘अजिबात नाही. नियम म्हणजे नियम. रविवारी ये, मॅडम उत्तरं देतील. मी मध्ये पडणार नाही. आणि येशील तर पोहे खाऊनच जा.’

रविवारी चेतना आली. बैठकीच्या खोलीत हेमलता तिच्यासमोर बसली. मध्ये पडायचं नाही म्हणून सुधन्वा कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसला. हेमलता विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, बोलकी, मोकळ्या मनाची बाई. तिने आधी चेतनालाच प्रश्न विचारले.

‘मेश्राम म्हणजे नागपूरकडच्या का?’

‘चंद्रपूर.’

‘अच्छा, अच्छा,’ हेमलता म्हणाली, आणि ते दुसरं ‘अच्छा’ जरा लांबलं.

नीलम पोहे घेऊन आली. वर खोबरं, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. ‘हिनेच केलेत,’ हेमलता म्हणाली. ‘झारखंडची आहे, पण पुरणपोळीसुद्धा करते. मी तयार केलंय तिला.’ मुलगी ताटली ठेवून आत गेली. वीस-एकवीस वर्षांची असेल. चालताना तिच्या पायांचा आवाज होत नसे. हा गुण हेमलताला फार आवडायचा.

चेतनाने टॅबलेट उघडला. ‘घरात राहून काम करणाऱ्या त्याच का?’

‘हो, नीलम. दोनेक वर्षं झाली.’

‘त्यांचं पूर्ण नाव?’

‘सुकुर... सुकुरमनी का कायसं आहे. जीभ वळत नाही गं. आधीची होती ती नीलम, म्हणून हिलाही नीलमच म्हणतो. सोपं पडतं.’

वर्तमानपत्रामागे सुधन्वाने पान उलटलं. चेतना त्या मुलीला ‘त्या’ म्हणत होती, ते त्याच्या कानाला खटकलं.

‘आल्या कुणामार्फत?’

‘एजन्सी आहे एक, पश्चिम दिल्लीत. चांगले लोक आहेत. मुलगी टिकली नाही तर बदलून देतात.’

‘पगार त्यांच्या हातात देता?’

‘एजन्सीकडे देतो. ते तिच्या घरी पोचवतात.’

‘पोचतो का ते कधी कळलंय?’

‘आता ते एजन्सीने बघायचं ना?’ हेमलता हसली. ‘आपण किती ठिकाणी लक्ष घालणार?’

‘त्यांचा फोन?’

‘माझ्या कपाटात. संध्याकाळी अर्धा तास देते की. तरुण मुलगी आहे, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?’

‘आधार कार्ड?’

‘लॉकरमध्ये, माझ्या पाटल्यांशेजारी. इतकं जपून तिच्या आईनेसुद्धा ठेवलं नसतं.’

सुधन्वाने बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. हे प्रश्न त्याने स्वतः लिहिले होते. एकेका शब्दावर आठ-आठ दिवस घालवले होते. उत्तरं कशी दडवली जातात आणि ती कशी काढून घ्यायची, यावर त्याचा एक निबंधही होता. इथे तर कुणी काही दडवतच नव्हतं. हेमलता एकेक उत्तर ताटात वाढल्यासारखं वाढत होती.

‘आठवड्याची सुट्टी?’

‘घेऊन जाईल कुठे? तिचं कोण आहे इथे? आणि खाली पाठवली की बाकीच्या बायका कान भरतात.’

‘एकट्याने गेटबाहेर जाता येतं?’

‘गार्ड आम्हाला फोन केल्याशिवाय सोडत नाही. त्या बाबतीत सोसायटी एकदम सेफ आहे.’

‘आणि आज त्यांनी काम सोडायचं म्हटलं तर?’

हा प्रश्न हेमलताला कळायला वेळ लागला. ‘पण का सोडेल?’ तिने विचारलं. त्यात लबाडी नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. ‘आमच्या घरच्यासारखी आहे ती.’

सुधन्वा मोजायचं नाही असं ठरवून मोजत होता. तीनचा आकडा केव्हाच मागे पडला होता.

शेवटचा प्रश्न ओळखीच्या घरांबद्दल होता. लोक स्वतःबद्दल खोटं बोलतात, दुसऱ्याबद्दल खरं बोलतात, म्हणून तुमच्या परिचयात अशी किती घरं आहेत असं विचारायचं, ही पद्धतही सुधन्वाचीच लाडकी. हेमलता पुढे सरसावली. ‘असं दाबून ठेवणारे? बापरे, भरपूर. समोरचे मल्होत्रा तर बाहेर जाताना कुलूप लावून जातात मुलीला. नवव्या मजल्यावरच्या त्या तर बोलायलाच नको. लिही तू, लिही. असल्या लोकांना धडा मिळाला पाहिजे.’

मग चेतनाने नियमाप्रमाणे नीलमशी एकटीने बोलायची परवानगी मागितली. दोघी बाल्कनीत गेल्या आणि चेतनाने काचेचं दार ओढून घेतलं. सुधन्वाला दोघी दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. त्याला वाटलं होतं, चार ‘जी’ आणि दोन ‘नहीं’ झाले की संपेल. या घरात ती मुलगी एवढंच बोलायची. पण काचेपलीकडे ती बोलतच राहिली. हात हलवून बोलली. एकदा खाली रस्त्याकडे बोट दाखवलं, एकदा चक्क हसली, मग बराच वेळ कठड्याला धरून बोलली. सुधन्वाने वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

‘एवढं काय सांगतेय?’ हेमलता म्हणाली. ‘माझ्याशी तर तोंड उघडत नाही.’

चेतना निघाली तेव्हा तो लिफ्टपर्यंत पोचवायला गेला. ‘काय म्हणाली गं? म्हणजे, मुख्य संशोधक म्हणून विचारतोय.’

‘सर, गोपनीयता,’ चेतना म्हणाली. ‘मुख्य संशोधकालाही सांगायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय.’

‘हो, हो. बिल्कुल. मी तुझी परीक्षाच घेत होतो.’

लिफ्टचं दार बंद झालं.

पुढच्या आठवड्यात सुधन्वाने घरात थोड्या सुधारणा करून पाहिल्या. नीलमचा फोन तिच्याकडेच राहू दे, असं त्याने हेमलताला सुचवलं. ‘ठेव. मग भांडी तू घास,’ हेमलता म्हणाली आणि विषय संपला. एका सकाळी हेमलता फिरायला गेलेली पाहून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. ‘नीलम, तुमको यहाँ अच्छा लगता है ना?’

मुलीने कणीक मळता मळता मान हलवली. ‘जी.’

त्याला हायसं वाटलं. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. असलं ‘हो’ मोजायचं नाही, हे पोरांना सांगणारा माणूस त्या वेळी ऑफिसात असावा, घरात नव्हता.

सर्वेक्षण संपलं आणि सल्लागार समितीची बैठक बसली. अध्यक्ष अण्णासाहेब, निवृत्त सचिव, ऐंशीच्या घरातले, अजूनही प्रत्येक कागद शेवटच्या पानापासून वाचणारे. बाकी चार-पाच प्राध्यापक आणि वकील. चेतनाने निष्कर्ष मांडले. करोल बागेतल्या कारखान्यांत काय, शहरातल्या जुन्या गावठाणांत काय, ते सांगून झाल्यावर ती मोठ्या सोसायट्यांकडे आली. घरात राहून काम करणाऱ्या मुली जिथे आहेत, त्यांतल्या जवळपास निम्म्या घरांत तीन किंवा जास्त कसोट्या लागू पडत होत्या. गंमत म्हणजे आपल्या घरात काही गैर आहे असं एकाही कुटुंबाला वाटत नव्हतं, आणि ओळखीत असं घर नाही असंही एकाही कुटुंबाने म्हटलं नव्हतं.

एका प्राध्यापिकेने फोन उलटा करून ठेवला. वकील पाणी प्यायला.

अण्णासाहेबांनी घसा साफ केला. ‘आमच्याकडे गंगुबाई आहेत. तीस वर्षं झाली. त्यांचं आधार कार्ड माझ्याच कपाटात आहे. पगार त्या घेतच नाहीत, मुलाला पाठवा म्हणतात. मग मी काय तस्कर झालो?’

‘छे, छे,’ चौघं एकदम म्हणाले. प्रत्येकाचं कुठलं ना कुठलं कपाट असावं.

सुधन्वा अशाच क्षणाची वाट पाहत होता. ‘अण्णासाहेबांनी मर्मावर बोट ठेवलं,’ तो म्हणाला. ‘आपल्या कसोट्या परदेशी वळणाच्या झाल्यात. आपल्याकडचं नातं त्यांत पकडलं जात नाही. मी सुचवतो, एक समायोजन करूया. ज्या घरात कामगाराला घरच्यासारखं वागवलं जातं, तिथे या कसोट्या लावायच्या नाहीत.’

‘सर, घरच्यासारखं वागवलं जातं हे कोण ठरवणार?’ चेतनाने विचारलं.

‘कुटुंबच सांगेल ना.’

‘म्हणजे मालक.’

‘मालक हा शब्दच चुकीचा आहे इथे.’

‘आपण ते विचारलेलं नाही, पण शेवटी जिथे शेरा लिहायला जागा होती तिथे सोसायट्यांतल्या सगळ्यांनी तेच सांगितलंय, सर. “घरच्यासारखी आहे.” एकही घर सुटलं नाही. मल्होत्रांनीसुद्धा सांगितलंय.’

मल्होत्रा कोण, हे समितीला ठाऊक नव्हतं. सुधन्वाने घाईने पुढचा विषय घेतला. समायोजन एकमताने मंजूर झालं. चेतनाने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगितलं. तो नोंदवला गेला, आणि इतिवृत्ताच्या छापील प्रतीत जागेअभावी गाळला गेला.

नव्या हिशेबाने सोसायट्यांमधला आकडा शून्यावर आला. तो पाहून फाउंडेशनच्या शिवांगी मॅडम दुसऱ्याच दिवशी ऑफिसात हजर झाल्या. ‘ज़ीरो? डॉक्टर साहब, ज़ीरो पर कैंपेन कैसे चलेगा? पोस्टर पर क्या लिखूँ?’

सुधन्वाने त्यांना समजावलं की शून्य फक्त सोसायट्यांपुरतं आहे. करोल बाग, गावठाणं, वस्त्या, तिथे समायोजन लागू होत नाही. तिथल्या मालकांना ‘घरच्यासारखी’ म्हणायचं सुचलंच नव्हतं. करोल बागेत पर्सच्या कारखान्याचा एक मालक तर चेतनाला सरळ म्हणाला होता, ‘घर का क्यों होगा मैडम? मजदूर है.’ अशी प्रामाणिक माणसं असल्यामुळे त्यांचा भाग चांगला भरला होता. त्यावर त्या सुनीतांच्या जुन्या अभ्यासाचा गुणक लावला की आकडा पुन्हा मोठा, दणदणीत होणार होता.

‘किमान,’ सुधन्वा म्हणाला.

शिवांगी मॅडमना तो शब्द आवडला.

चेतनाने त्या संध्याकाळी राजीनामा दिला. कारण विचारल्यावर तिने घरगुती असं लिहिलं. सुधन्वाला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. यातलं काय जास्त वाटलं, हे त्याने तपासलं नाही. अहवालाच्या आभारांमध्ये त्याने तिचं नाव आग्रहाने घातलं, तेही इतरांच्या आधी.

प्रकाशनाचा समारंभ मध्य दिल्लीतल्या एका सभागृहात झाला. सुधन्वाने माशांचं भाषण केलं. अण्णासाहेबांनी समाजाच्या संवेदनशीलतेबद्दल चार शब्द सांगितले. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीने उठून विचारलं की वस्त्यांमध्ये एवढं आणि मोठ्या सोसायट्यांमध्ये काहीच कसं नाही?

सुधन्वाने क्षणभर विचार केला. ‘शिक्षण,’ तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्यांनी जरा जास्तच वाजवल्या.

चहाच्या वेळी त्याने फोन पाहिला तर हेमलताचे कॉल्स ओळीने पडले होते. त्याने लावला. पलीकडे ती रडत होती, पण रागाने. ‘नीलम गेली. तू आधी घरी ये.’

घरी पोचल्यावर सगळं कळलं. दुपारी दोन बायका आल्या होत्या, एक कुठल्या संस्थेची आणि एक महिला हवालदार. गार्डने फोन केला तेव्हा हेमलताला वाटलं, सुधन्वाच्याच कामातल्या असतील, म्हणून तिने वर पाठवायला सांगितलं. सरबत करायलाही सांगितलं. नीलम स्वयंपाकघरातून आली ती रिकाम्या हाताने. तिची पिशवी भरून तयारच होती.

‘मला म्हणाली, आंटी, मेरा आधार दीजिए. असं माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. त्या हवालदारीण बाईसमोर मला लॉकर उघडावं लागलं सुधन्वा. माझ्या घरात. मग फोन मागितला, तोही दिला. मग ती बाई म्हणते, दोन वर्षांच्या पगाराचं काय? मी म्हटलं एजन्सीला विचारा. एजन्सीचा फोन बंद. तर म्हणते, मग तुम्हाला यावं लागेल जबाब द्यायला. मला. जबाब.’

‘आणि नीलम? ती काही बोलली?’

‘काय बोलणार? चप्पल घातली आणि निघाली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. एवढं केलं तिच्यासाठी. दिवाळीला साडी दिली होती.’

सुधन्वा बाल्कनीत गेला, काचेचं दार ओढून घेतलं आणि चेतनाला फोन लावला. ती मेट्रोत असावी, मागे पुढच्या स्टेशनची घोषणा चालू होती.

‘हे तू केलंस?’

‘त्यांनी मदत मागितली सर. प्रोटोकॉलप्रमाणे मी त्यांना संस्थेशी जोडून दिलं. कधी निघायचं ते त्यांनीच ठरवलं. आज मॅडम एकट्या असतील आणि तुम्ही कार्यक्रमात असाल, हे त्यांना माहीत होतं.’

‘तू मला आधी सांगू शकली असतीस. आपण आपापसात मिटवलं असतं. नावाचा प्रश्न आहे. एवढी वर्षं मी याच विषयावर—’ वाक्य कुठे जातंय हे लक्षात येऊन तो थांबला.

‘सर, वर्तमानपत्रात काही येणार नाही. त्यांना ते नकोय. त्यांना पगार हवाय आणि गावी जायचंय.’

त्याला खरं तर एवढंच हवं होतं, पण ते ऐकल्यावर बरं वाटलं नाही. त्याने कठड्यावर हात ठेवला. ‘चेतना, त्या दिवशी ती इथे काय बोलत होती? हे आता तरी सांग. संशोधन म्हणून नाही विचारत.’

‘मी नाही सांगू शकत. तुम्ही विचारून बघायला हवं होतं. सुकुरमनी बोलतात, सर. छान बोलतात.’

तिचं स्टेशन आलं, तिने फोन ठेवला. सुधन्वा तसाच उभा राहिला. खाली गेटवर एक गार्ड कुणाची तरी पिशवी उघडून तपासत होता. आपल्याला लाज वाटतेय का, हे त्याने स्वतःला विचारून पाहिलं. वाटत होती. पण ती कशाची, हे नीट वेगळं काढता येईना. थोडी हवालदारासमोर लॉकर उघडल्याची होती, थोडी चेतनाला कळल्याची. उरलेल्या भागाला त्याच्याकडे शब्द नव्हता, आणि शब्द नसलेली गोष्ट मोजत बसायची त्याला सवय नव्हती.

पुढच्या महिन्यात हेमलताने जबाब दिला. सुधन्वाच्या ओळखीच्या वकिलाने प्रकरण सामंजस्याने मिटवून दिलं. पगार द्यावा लागला, पूर्ण, थेट बँकेत. सुकुरमनी झारखंडात खुंटी जिल्ह्यातल्या आपल्या गावी गेली. घरात कपबशा साचायला लागल्या. भांड्याला येणारी बाई मिळाली, पण राहणारी मिळेना. सोसायटीत बापटांच्या घरी ‘पोलीस केस’ झाल्याची कुजबुज होती, आणि नव्या मुली समोरच्या मल्होत्रांकडे जात होत्या. हेमलता चिडचिडी झाली. सुधन्वा दोनदा चहा करायला गेला आणि दोन्ही वेळा दूध उतू गेलं.

अशाच एका शनिवारी दुपारी त्याचा फोन वाजला. शिवांगी मॅडम होत्या. आकडा खूप चालला होता, पोस्टरं बसस्टॉपवर लागली होती, हेडऑफिस खूश होतं. दुसरा टप्पा करायचा का, या वेळी आणखी तीन शहरं?

त्याच वेळी हेमलताही तिच्या फोनवर कुणाशी तरी बोलत होती. बोलता बोलता ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि फोनवर तळहात ठेवून हळूच म्हणाली, ‘नवीन एजन्सी आहे. ओडिशाची मुलगी आहे म्हणतात, शांत आहे. पैसे एजन्सीलाच द्यायचे. चालेल ना?’

सुधन्वाने तिला हाताने थांब म्हटलं. शिवांगी मॅडम विचारत होत्या, ‘तो डॉक्टर साहब, पक्का समझूँ?’

‘बिल्कुल,’ तो म्हणाला.

हेमलताने मान डोलावली. ‘हाँ जी, भेज दीजिए,’ असं फोनमध्ये सांगत ती आत वळली. आपण तिला नाही, मॅडमना म्हणालो, हे सांगायला सुधन्वाने तोंड उघडलं. पलीकडून तीन शहरांची नावं यायला लागली होती. त्याने पेन ओढलं आणि ती लिहून घेतली.